बोरमाळची सोपी वाट

सायकलच्या एका शर्यतीत चढाला घड्याळ नसतं, फक्त उताराला असतं, ही गोष्ट लोकांना पटवताना दिपमालाचा घसा दर वेळी कोरडा पडायचा. एन्ड्युरो म्हणतात त्या शर्यतीला. डोंगर आपल्या सोयीने चढा, मध्ये थांबा, पाणी प्या, शेंगदाणे खा. वेळ मोजतात ती ठरवून दिलेल्या उतारांचीच. चाळीसगावची मंडळी सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "म्हणजे ताई, दम लागतो त्याला मार्क नाहीत आणि घसरगुंडीला मार्क?" धुळ्यात देवपूरच्या शाळेत खेळ शिकवण्यात तिची निम्मी नोकरी सरली होती. ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायची.

तिला स्वतःला हे वेड लागलं नाशिकच्या पलीकडच्या एका मोठ्या स्पर्धेत. तिथे ती सगळ्यांत शेवटी आली. त्याचं तिला काही वाटलं नाही. कुणीतरी शेवटी यायचंच असतं. एका कातळावर मात्र तिला पुढे जायचा धीर झाला नाही, ती उतरली आणि सायकल हातात धरून खाली आली. तिथे उभ्या असलेल्या पोरांनी त्याचा व्हिडिओ केला. तो फिरत फिरत तिच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पोचला आणि पुढे कितीतरी दिवस चहाच्या वेळी कुणी ना कुणी तो लावायचं. हसणाऱ्यांत वाईट कुणी नव्हतं. हसून झाल्यावर तेच लोक तिच्यापुढे चहाचा कप सरकवत. पण तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं, की आपल्या खानदेशात अशी एक शर्यत व्हावी जिथे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कुणी त्याची पायरी दाखवणार नाही.

आणि खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांपुढे नवा माणूस म्हणून एकच होता. तिचा धाकटा भाऊ नवल.

नवल धुळ्यात बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. लहानपणापासून अंगाने भरलेला. शाळेत एकदा त्याला मास्तरांनी दोरावर चढायला लावलं, तो अर्ध्यात लटकला आणि खाली सगळा वर्ग जमला. त्या दिवसापासून चार लोकांसमोर करायची जी जी म्हणून गोष्ट असते, ती त्याने सोडून दिली. मित्राच्या वरातीत सगळे नाचत, तेव्हा हा त्यांचे मोबाइल आणि पाकिटं सांभाळत बाजूला उभा असे. लोक म्हणत, किती साधा मुलगा. दिपमालाला त्या साधेपणाचा राग यायचा, कारण तो कुठून आला ते तिला माहीत होतं.

तिने त्याला आपल्या जुन्या सायकलवर बसवलं. पहाटे लळिंगच्या बाजूला न्यायची, कुणी उठायच्या आत परत आणायची. आणि नवलमध्ये भलतंच काही निघालं. उतारावर त्याचा हात शांत असायचा. भल्याभल्यांना ब्रेक सोडवत नाही, पण हा अंगाचा भार मागे टाकून सायकलीला जाऊ द्यायचा. खाली पोचला की तोंडभर हसायचा. बहिणीने ते हसू कितीतरी वर्षांनी पाहिलं आणि तिचा जीव सुपाएवढा झाला.

"शर्यतमा भाग ले," बोरमाळच्या कातळाला वळसा घालणारी वाट मनात आखून झाल्यावर ती म्हणाली.

"अक्का, माले जमाव नही. लोके देखतीन."

"कोन्ही देखाव नही. त्या कातळपाशी फक्त मी ऱ्हासू. तू तुन्ही वाट धरजो."

त्यावर तो बराच वेळ सायकलची साखळी पुसत बसला. मग म्हणाला, "तू ऱ्हाशी ना?" तिने हो म्हटलं. तेवढ्या एका शब्दावर तो तयार झाला.

शर्यत ठरली होती चाळीसगावच्या दक्षिणेला, बोरमाळच्या डोंगरावर. भरवणारं होतं अभिमनभाऊंचं सायकल मंडळ. अभिमनभाऊ मनाने चांगला माणूस. ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, हाताखाली पोरं, आमदारापासून तलाठ्यापर्यंत ओळख. नवशिक्यांचा वेगळा गट करायचा हे दिपमालाचं म्हणणं त्यांनी एका बैठकीत उचलून धरलं. थोडेच उतार, आदल्या आठवड्यात वाट चालून बघायची मुभा, मंडळाकडून हेल्मेट आणि गुडघ्याची पट्टी, सकाळच्या थंडीत नवशिके आधी आणि सराईत नंतर. सगळं मंजूर. दिपमाला त्या दिवशी घरी आली ती तरंगतच.

बोरमाळच्या शेवटच्या उतारावर एक काळा कातळ आहे, पुरुषभर उंचीचा, वरून गुळगुळीत. गुराखी त्याला हत्तीपाठ म्हणतात. वाट सरळ त्याच्यावरून उतरते. सराईत माणूस उतरून जाईल, पण नवा माणूस तिथे तोंडावर आपटणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. म्हणून दिपमालाने कातळाच्या अलीकडे वाटेला फाटा काढला. डावीकडे कातळ, उजवीकडे वळसा. उजवी वाट तिने आणि नवलने रविवारी रविवारी जाऊन हाताने केली. तिने आखली, त्याने खणली. घमेल्याने मुरूम वाहून त्याने बाहेरच्या बाजूला शेताच्या बांधासारखी कड चढवली, ती चोपून चोपून घट्ट केली, म्हणजे सायकल वळणाला टेकून ब्रेक न लावता निघून जावी. दुपारी दोघं बोरीच्या सावलीत बसून भाकरी आणि ठेचा खात. शेवटच्या रविवारी नवल त्या वळणावरून इतक्या वेळा गेला, की दिपमाला मोजायचं विसरली.

"दोन बाण लावू," तिने बैठकीत सांगितलं. "एक डावीकडे, एक उजवीकडे. बाकी काही लिहायचं नाही. ज्याला जिकडून जायचं तो जाईल."

"आणि सोपी कोणती, हे लोकांना कळणार कसं?" अभिमनभाऊंनी विचारलं.

"येणाऱ्याला दिसतं ना भाऊ. कातळ काही लपून बसलेला नाही."

"येणाऱ्याला दिसतं गं. पण आपण नवशिक्यांसाठी केवढं केलं, ते बाकीच्यांना दिसायला नको?"

बैठकीत सगळे हसले. दिपमालाही हसली. विषय तिथेच राहिला असं तिला वाटलं. अशा विषयांचं पुढे काय होतं हे तिला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं, पण माणूस आनंदात असला की त्याला कमी दिसतं.

शर्यतीच्या दिवशी ती सूर्य उगवताना फाट्यावर पोचली आणि जागच्या जागी उभी राहिली. उजव्या वाटेच्या तोंडाशी दोन बांबूंवर भलंमोठं फ्लेक्स ताणलेलं होतं. गुलाबी रंग, चारी कोपऱ्यांना फुलं. वर हात जोडलेले पाहुणे, खाली हात जोडलेले अभिमनभाऊ, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत, 'महिला व नवशिक्यांसाठी सोपी वाट'. डावीकडे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती. फाट्यासमोरच्या उंचवट्यावर मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. डांबरी रस्ता तिथून जवळ पडतो म्हणून प्रेक्षकांची सोय तिथेच केली होती.

मंडळाचा भटू तारा आवळत होता. दिपमाला त्याला म्हणाली, "हे काढ आधी."

"ताई, भाऊंना विचारा. त्यावर पाहुण्यांचे फोटो आहेत."

तिने भाऊंना फोन लावला. भाऊ खाली पाहुण्यांना आणायला गेले होते. "अगं, बायकांना हुरूप यावा म्हणून केलं," ते म्हणाले. "आजच्या दिवस राहू दे. पाहुणे येताहेत, आता फोटो काढून कुठे टाकू?" त्यांच्या आवाजात खरोखरच माया होती. दिपमालाने फोन ठेवला. भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं. तिने तार उचकटायला हात घातला, बोटाला ओरखडा आला, आणि तेवढ्यात वरून शिट्टी ऐकू आली. पहिला गडी सुटला होता. ती फाट्यावरची पंच होती; तिला वाटेकडे बघावं लागलं आणि भटूने तार पुन्हा आवळली.

मांडव भरत गेला. भरीत-पुरीचा वास सुटला होता. आणि लोकांमध्ये, पहिल्या रांगेत, नवलची होणारी सासुरवाडी बसलेली होती. भुसावळच्या रूपालीशी त्याची सुपारी फुटली होती, वैशाखात लग्न. ही मंडळी मूळची धुळ्याकडची, वडील रेल्वेत म्हणून तिकडे गेलेली. जावई शर्यतीत उतरलाय म्हटल्यावर हिलालमामा, म्हणजे रूपालीचे मामा, सगळ्यांना गाडीत घालून घेऊन आले होते. त्यांना कुणी बोलावलं दिपमालाला माहीत नव्हतं. नवलने तर नक्कीच नाही. मामांनी लांबूनच तिला हात केला. तिने हात केला आणि वरच्या वळणाकडे बघायला लागली.

नवशिके यायला लागले. देवपूरच्या कॉलेजची दोन पोरं आली, त्यांनी फ्लेक्स वाचलं, एकमेकांकडे बघून हसली आणि कातळावर गेली. एकाचे हात सोलले. उठला, तर मांडवातून शिट्ट्या. मग भडगावचा एक मास्तर आला, तो उजवीकडे वळता वळता थांबला, मांडवाकडे पाहिलं आणि डावीकडे गेला. कसाबसा उतरला. पुढे एक मुलगी आली, जळगावची, ती उजवीकडून सुरेख गेली. तिच्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण बालवाडीतलं पोर गाणं म्हणतं तेव्हा वाजवतात तशा. तिच्या मागच्या मुलीने त्या टाळ्या ऐकल्या. ती सायकलवरून उतरली आणि सायकल हातात धरून कातळावरून खाली गेली.

दिपमाला हे बघत होती. जिच्यासाठी इतके रविवार घातले ती वाट मोकळी पडली होती. ती ओरडून सांगत होती, "उजवीकडून या, उजवीकडून," आणि तिच्या प्रत्येक हाकेने ती वाट आणखीच बायकांची होत होती. हे तिला कळलं तेव्हा ती गप्प झाली.

मग नवल आला.

वरच्या वळणावर तो दिसला तेव्हाच त्याची बैठक बघून तिला कळलं, की हा आज मजेत आहे. खांदे सैल, नजर लांब. तो उजवीकडे वळायला झुकलाही. त्याचं पुढचं चाक मुरमाला लागलेलं तिने स्वतः पाहिलं.

"ओ जवाईबापू," मांडवातून हिलालमामांचा आवाज आला, "ती बायास्नी वाट शे."

सगळा मांडव हसला. वाईट हसणं नव्हतं ते. जावयाची थट्टा करायची नाही तर कुणाची करायची? रूपालीने ओढणीचं टोक तोंडाशी नेलं. नवलने ब्रेक दाबले, मान वर केली, आणि त्याच्या नजरेस फ्लेक्स पडलं, मांडव पडला, ओढणी पडली. मग त्याने बहिणीकडे पाहिलं. दिपमालाने दोन्ही हातांनी उजवी वाट दाखवली. आयुष्यात तिने एवढ्या आर्जवाने काही दाखवलं नसेल. त्याने नाही अशी बारीकशी मान हलवली, सायकल मागे ओढली आणि डावीकडे घातली.

कातळावरून तो कधी गेलाच नव्हता. त्याचा तो शांत हात गेला होता. वरून सुटतानाच त्याने पुढचा ब्रेक गच्च धरला, आणि सायकल त्याला डोक्यावरून पुढे फेकून त्याच्यामागे आली. मांडवातून आधी एक शिट्टी आली. मग हाड मोडल्याचा आवाज ज्यांनी ऐकला ते गप्प झाले, आणि त्यांच्यामागोमाग बाकीचे.

मांडीचं हाड. चाळीसगावच्या दवाखान्यात त्याच दुपारी ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वेळ लागेल आणि पाय पूर्वीसारखा होईलच असं नाही. सराईतांची शर्यत तिकडे ठरल्याप्रमाणे पार पडली; तिथे काय झालं ते तिला भटूने रात्री फोनवर सांगितलं. दिपमाला दवाखान्याच्या बाकावर बसली होती आणि तिला राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. शर्यत संपल्यावर हिलालमामा दवाखान्यात आले आणि तिच्याजवळ येऊन बसले. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"मी ते गंमत करी व्हती, बाई," ते म्हणाले. मग तिला बरं वाटावं म्हणून, "पन पोऱ्या मर्द शे. पडना, पन दगडवरथीन गया. आम्हीन बठ्ठा तेच म्हनी राहिनूत."

त्या क्षणी तिला त्या म्हाताऱ्या माणसाचा इतका तिटकारा आला, की ती उठून पाण्याच्या माठापाशी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिमनभाऊ आले. हातात केळीची फणी आणि शहाळं. नवल शुद्धीवर होता, पाय उंच बांधलेला. भाऊ खुर्ची ओढून बसले, त्याच्या हातावर हात ठेवला, खर्चाची काळजी करू नको म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. मग दिपमालाकडे वळले.

"दिपा, काल रात्री बसलो होतो सगळे. पुढच्या वर्षी नवशिक्यांचा गट नको असं ठरलं. नाही झेपत गं लोकांना. आपण एवढी सोय करून दिली, सोपी वाट केली, पाटी लावली, तरी जाणारा जातोच कातळावर. त्याला आपण काय करणार?"

दिपमाला माठातून पाण्याचा तांब्या भरायला लागली. बोलायला लागली असती तर दवाखाना गोळा झाला असता.

"पण तुझं काम वाया नाही गेलं हं," भाऊ घाईघाईने म्हणाले. "तो पुण्याचा मुलगा, पहिला आलेला. स्टेजवर माइक घेतला त्याने आणि पहिलं नाव कशाचं घेतलं, तर त्या उजव्या वाटेचं. म्हणाला, कातळावर वेग कमी करावा लागतो, पण ते वळण असं बांधलंय की ब्रेकला हातच लावायचा नाही. तो तिकडूनच गेला. दुसरा, तिसरा, सगळे चांगले गडी तिकडूनच गेले. म्हणाला, वळण ज्याने बांधलं त्याला माझा सलाम सांगा. मी तुझं नाव सांगितलं."

"मी नाही बांधलं," दिपमाला म्हणाली. "ते नवलने बांधलं."

"हो का?" भाऊंनी नवलकडे कौतुकाने पाहिलं. "वा रे पठ्ठ्या. मग झालं तर. पुढच्या वर्षीपासून तीच मुख्य वाट. ते फ्लेक्स काढून टाकतो आणि नवीन लावतो, 'विजेत्यांची वाट'. उद्घाटनाला तुलाच बोलवू." ते उठले, केळी टेबलावर ठेवली, लवकर बरा हो म्हणाले आणि गेले.

 बाहेर कुठेतरी रेल्वेची शिट्टी झाली. नवल छताकडे बघत पडला होता. दिपमालाला वाटलं त्याला झोप लागली असेल, म्हणून ती चादर सारखी करायला वाकली.

"अक्का," तो म्हणाला, "तो पुनाना पोऱ्या. तो उजवीकडथीन गया?"

"हा."

"फलेक्स तठेच व्हतं?"

"तठेच व्हतं."

"आनि मांडवमा लोके व्हतात?"

"बठ्ठा व्हतात. मामा बी तव्हा तठेच व्हतात."

त्याने तिच्याकडे मान वळवली. लहानपणी दोरावर लटकलेला असताना खाली जमलेल्या वर्गाकडे त्याने जसं पाहिलं असेल, तसं.

"मंग त्याले कोन्ही हासनं नही?"

दिपमालाला खोटं बोलता आलं असतं. पण आदल्याच महिन्यात तिचं त्याला एक खोटं सांगून झालं होतं, कोन्ही देखाव नही म्हणून.

"नही," ती म्हणाली. "टाळ्या वाजाड्यात."